यीस्टचा संसर्ग आणि ‘ढासळलेली प्रतिकारशक्ती’

इंदूरमधील मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहांवर सध्या एक मजकूर फिरतो आहे. यीस्टचा (म्हणजे एका सूक्ष्म बुरशीचा) संसर्ग झाला म्हणजे रोगप्रतिकारशक्ती ढासळलीच. सकाळी ग्लासभर पाण्यात थुंकून पाहावे, लाळेचे धागे खाली उतरले तर यीस्ट अंगात शिरले आहे. ब्रेड, इडली, ढोकळा बंद करावा. आणि गुळवेलीचा काढा घेतला की औषधाची गरज नाही, असे त्याचे सार आहे. रामबाग, लोकमान्य नगर या भागांतून माझ्या दवाखान्यात येणाऱ्या स्त्रिया हा मजकूर मोबाइलवर दाखवतात आणि ‘मला काही मोठा आजार तर नाही ना?’ असे घाबरून विचारतात, म्हणून हे सविस्तर उत्तर.

मुळात यीस्ट बाहेरून ‘शिरत’ नाही. कँडिडा हे यीस्ट असंख्य निरोगी माणसांच्या तोंडात, आतड्यात आणि योनिमार्गात एरवीही असते. त्याला आवरून धरतात ते शाबूत आंतरत्वचा, शेजारी नांदणारे जीवाणू आणि रक्तातील पांढऱ्या पेशी. लाळेत चिकट श्लेष्मा असतोच, त्यामुळे पाण्यात कोणाच्याही लाळेचे धागे उतरू शकतात. त्या चाचणीला काहीही आधार नाही.

प्रतिकारशक्तीबद्दलचे विधान अर्धे खरे आहे आणि म्हणूनच ते अधिक फसवे आहे. शरीरात सगळीकडे एकच पहारा नसतो. तोंड आणि अन्ननलिका यांचे रक्षण मुख्यतः टी-पेशी हा पांढऱ्या पेशींचा एक प्रकार करतो. एचआयव्हीच्या रुग्णात सीडी-4 पेशी (टी-पेशींचाच एक गट) रक्ताच्या दर घनमिलिमीटरला 200 च्या खाली गेल्या की तेथे कँडिडा फोफावण्याचा धोका खूप वाढतो. रक्तात आणि आतल्या अवयवांत त्याला रोखतात त्या न्यूट्रोफिल या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी, त्यामुळे केमोथेरपीने त्या घटलेल्या किंवा अतिदक्षता विभागात मोठ्या शिरेत नळी घातलेल्या रुग्णाला तो जिवावर बेतू शकतो. योनिमार्गाचे गणित मात्र वेगळे आहे. सुमारे 4 पैकी 3 स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी हा संसर्ग होतो आणि त्यांतील बहुसंख्य स्त्रियांची प्रतिकारशक्ती उत्तम असते. अँटिबायोटिकने लॅक्टोबॅसिलस हे रक्षक जीवाणू मारले जाणे, गर्भारपण किंवा वाढलेली साखर, ही तिथली नेहमीची कारणे आहेत.

मधुमेहात दोन्ही बाजूंनी नुकसान होते : साखर सतत चढलेली राहिली की न्यूट्रोफिल मंदावतात आणि यीस्टला खाद्यही मिळते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात, त्यामुळे गुप्तांगाला खाज सुटू शकते, ही गोष्ट रुग्णाला आधीच सांगायला हवी असे माझे ठाम मत आहे. दम्याच्या रुग्णाच्या जिभेवर दह्याच्या कवडीसारखा पांढरा थर दिसतो, तो गॉजने पुसला की खाली लालभडक, किंचित रक्ताळलेली जागा उघडी पडते. अशा वेळी बहुधा साऱ्या शरीराची प्रतिकारशक्ती गेलेली नसते. स्टेरॉइडच्या पंपाने तोंडापुरता पहारा सैल केलेला असतो. पंपाला स्पेसर (पंप आणि तोंड यांच्यामध्ये बसवायची पोकळ नळी) लावणे आणि प्रत्येक वेळी चूळ भरून थुंकणे, एवढ्यानेही तो त्रास बराचसा टळतो.

खाण्याबद्दल फार लिहायला नको. ब्रेडचे यीस्ट वेगळ्या जातीचे असते आणि भट्टीत मरते. इडली-ढोकळ्याचे पीठ मुख्यतः लॅक्टिक आम्लाच्या जीवाणूंमुळे आंबते, तेही वाफेत टिकत नाहीत.

काढ्याचा मुद्दा मात्र सोडून देता येत नाही. गुळवेलीने कँडिडाचा संसर्ग बरा होतो याचा भरवशाचा पुरावा नाही; उलट गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईतील डॉक्टरांनी 2021 मध्ये नोंदवले आहेत. क्लोट्रिमॅझोल किंवा फ्लुकोनॅझोल या बुरशीविरोधी औषधांनी साधा संसर्ग सहसा काही दिवसांत आटोक्यात येतो. गर्भवतीने मात्र फ्लुकोनॅझोलची गोळी स्वतःहून घेऊ नये, आणि स्टेरॉइड मिसळलेले मलम कोणीही दुकानातून परस्पर आणून लावू नये.

प्रतिकारशक्तीचा शोध घ्यावा लागतो तो विशिष्ट परिस्थितीत : पंप, कवळी किंवा अँटिबायोटिक यांपैकी काहीही नसताना प्रौढ माणसाच्या तोंडात थर आला किंवा गिळताना दुखू लागले, तर साखरेबरोबर एचआयव्हीचीही तपासणी करावी. योनिमार्गाचा संसर्ग वर्षातून 3 किंवा अधिक वेळा उलटत असेल, तर स्राव प्रयोगशाळेत पाठवून यीस्टची जात ओळखून घ्यावी आणि एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी) तपासावे.