दादा, इकोनं सगळं दिसत नाही

आमच्या नागपूरच्या घरच्या ग्रुपवर सध्या एकच वाद चालू आहे. मधल्या चुलतभावाला हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी निघाली, म्हणजे हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आनुवंशिक आजार. डॉक्टरांनी हृदयाचा एमआरआय सांगितला आणि सख्ख्या भावांना, मुलांनाही तपासून घ्या म्हणाले. त्यावर मोठ्या दादाचा मेसेज: "इको झाला, ईसीजी झाला. आता एमआरआय काहून? धंतोलीतल्या हॉस्पिटलांत हेच चालते, कमिशन." खाली अंगठेच अंगठे.

मला हे वाचून संताप येतो. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, भिंतीची जाडी दाखवतो, रक्ताला अडथळा होतो का ते दाखवतो. स्नायूच्या आत किती व्रण आहेत ते गॅडोलिनियमचं इंजेक्शन देऊन काढलेल्या एमआरआयमध्ये पांढरं उमटतं. 2014 मध्ये सुमारे 1300 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एरवी कमी धोक्याचे मानलेले रुग्ण, पण डाव्या जवनिकेचा (शरीरभर रक्त ढकलणाऱ्या कप्प्याचा) 15 टक्के किंवा जास्त भाग व्रणांचा, तर अचानक मृत्यूचा धोका साधारण दुप्पट. ठोके धोकादायक बिघडले की हृदयाला शॉक देणारं आयसीडी हे यंत्र बसवायचं की नाही, हे ठरवताना 2023 च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनाही हा आकडा विचारात घेतात. यात कमिशन कुठे आलं?

मी राहतो तिथे, इंग्लंडमधल्या लेस्टरला, शेजारच्या घरात हाच आजार निघाला. क्लिनिकनं वंशावळ काढली, नातेवाइकांच्या जीपींसाठी (फॅमिली डॉक्टरांसाठी) पत्रं दिली. तारखा उशिरा मिळाल्या, पण सगळे गेले. हे लिहिलं तर दादा म्हणतो, "तिकडे फुकट आहे." फुकट नाही, दर महिन्याला पगारातून कर आणि नॅशनल इन्शुरन्स कापले जातात. मग त्याचं दुसरं वाक्य आलं: "रात्री दोन वाजता त्याला मेडिकल हॉस्पिटलमध्ये कोण नेईल? तू?"

याला माझ्याकडे उत्तर नाही. नागपूरच्या महाल भागातल्या घरी कुणी पडलं तर धावणारा दादाच आहे. मी पैसे पाठवतो, लिंक पाठवतो, आणि मत द्यायचा माझा हक्क दर वर्षी थोडा कमी होतो, हे मला कळतं. पण आजार आमच्याच घराण्यातला आहे. तो पासपोर्ट बघत नाही.

खरं कारण आजारी भावाच्या बायकोच्या, वहिनींच्या फोनवर कळलं. "भाऊजी, पोरीचं लग्न व्हायचं आहे."

वहिनी, भावाच्या रक्तात दोषी जनुक सापडलं, तर पोरीला ते असण्याची शक्यता निम्मी. तिच्यात ते नसेल, तर दर काही वर्षांनी इको-ईसीजी करायची गरजच उरत नाही. असेल, तरी बहुतेक लोक लक्ष ठेवून नीट जगतात, संसार करतात. न तपासता मात्र ती दोन्हीकडून अडकते. आणि दादा, तू त्याचा सख्खा भाऊ आहेस. आधी तुझा इको कर. वहिनींना हे तूच समजाव, माझ्या तोंडून ते तिकडचं ज्ञान वाटतं.