सही कसली मागता?

आज सकाळी परत एक फॉर्म आला. 4 दिवसांचं निवासी उन्हाळी शिबिर, 'विशेष मुलांसाठी'. खाली बारीक अक्षरात नेहमीचंच: काही अपघात झाल्यास आयोजक जबाबदार राहणार नाहीत, पालकांनी सही करावी. चहा कधीच गार झाला, डोकं अजून तापलेलंच आहे, म्हणून इथे लिहितेय.

लेकीला सेरेब्रल पाल्सी आहे, जोडीला फिट येतात, हे बहुतेकांना माहीत आहे. 3 वर्षांपूर्वी, ती 11 ची असताना, अशाच एका शिबिराला पाठवली होती. मी दोन पानं लिहून दिली होती. फिट आली की कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा, घड्याळ बघा, 5 मिनिटांच्या वर गेली तर नाकात मारायचा स्प्रे निळ्या पाऊचमध्ये आहे, आणि लगेच दवाखाना. तोंडात काहीही घालू नका, हे तर लाल पेनाने. रात्री जेवणाच्या रांगेत फिट आली. काय केलं त्यांनी? चप्पल हुंगवली. मग कांदा. मग दातखीळ सोडवायला चमचा. पुढचा दात अर्धा तुटला. दुधाचा नाही हो, कायमचा. आणि माझी दोन पानं? फाईलमध्ये. फाईल पुण्यात ऑफिसच्या कपाटात आणि पोरं मुळशीच्या पुढे.

ज्याने चमचा घातला तो 19 वर्षांचा पोरगा दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर ढसाढसा रडला. त्याच्यावर माझा तेव्हाही राग नव्हता. त्याला टी-शर्ट दिला होता, शिट्टी दिली होती. फिटबद्दल कुणी चकार शब्द सांगितला नव्हता.

साहसी पर्यटनासाठी सरकारने 2021 मध्ये धोरण काढलं. दोराला लटकायचं तर शिकलेला माणूस हवा, हे सगळ्यांना पटतं. मग आमच्या पोरांना सांभाळायला 'सेवाभाव' कसा काय पुरतो? टोपिरामेट हे फिटचं औषध घेणाऱ्या मुलांना घाम कमी येऊ शकतो, अंग आतून तापत जातं. मे महिन्यात भर दुपारी मैदानावर खेळ ठेवणाऱ्याला हे ठाऊक नको? खारघरला 2023 च्या एप्रिलमध्ये नुसतं उन्हात बसून माणसं गेली की. डाउन सिंड्रोमच्या मुलाला कोलांटउडी मारायला लावण्याआधी मानेचं विचारायचं असतं, वरचे दोन मणके सैल असू शकतात. पोहायला नेलं तर माझ्या लेकीमागे एक माणूस हवा, तोही पाण्यात, काठावर मोबाईल घेऊन बसलेला नाही. रात्री खोलीत कोण झोपणार, त्याची पोलिसांकडून पडताळणी झालीय का, हे विचारलं की लोकांना राग येतो. येऊ दे. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या पोक्सो कायद्यात अपंग मुलावरचा अत्याचार जास्त गंभीर धरलाय, तो उगीच नाही.

हो, नियम कडक केले तर निम्मे आयोजक हात वर करतील आणि आमच्या पोरांना कुणी नेणारच नाही. मान्य. पण आत्ता तरी काय वेगळं होतंय? एक जण 'सुरक्षेच्या कारणास्तव' घेत नाही, दुसरा घेतो आणि सही मागतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाजवी सोयींचं लिहिलंय म्हणे. माझ्या वाट्याला आला तो चमचा.

जाऊ दे. एक चांगलं पण सांगते. मागच्या वर्षी एका दिवसाच्या शिबिरात स्वयंपाकाच्या मावशी पदराला हात पुसत आल्या. "ताई, पोरीला फिट येती म्हनं. आली तर म्या काय करू, दावा की." मी तिथेच सतरंजीवर आडवी झाले. त्यांनी मला कुशीवर वळवलं, पोत्याची घडी डोक्याखाली सरकवली आणि विचारलं, "आसं?" अगदी असंच, मावशी. त्या अख्ख्या शिबिरात हे विचारणाऱ्या त्या एकट्या. मला रडूच आलं, सतरंजीवर पडल्या पडल्या.

दुपारी आजच्या फॉर्मवाल्यांना फोन केला. कागद रात्री कुणाजवळ असेल? गाडी आणि ड्रायव्हर मुक्कामाला आहेत का? दवाखाना किती लांब? पलीकडून उत्तर: "मॅडम, काळजी करू नका, आपलीच मुलं आहेत." अहो, आपलीच आहेत म्हणूनच विचारतेय ना!

सही अजून केलेली नाही. बॅग मात्र दाराशी भरून तयार आहे. सगळ्यात वर पोहण्याचा ड्रेस. मी तो दोनदा काढून ठेवला, तिने दोनदा परत घातला.