आप्पांचा पाहणी दौरा

आई आली नाही. गुडघे दुखतात म्हणाली. पण फोन ठेवता ठेवता, "चाळीस वर्षं मी सांभाळलं, आता जरा तुम्ही बघा," हेही म्हणाली. शेंगेन व्हिसा नव्वद दिवसांच्या वर मिळत नाही, याची खात्री तिने कराडला बसून आधीच करून घेतली होती.

तर आप्पा एकटेच झुरिकला उतरले. पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून रिटायर झालेला माणूस कुठे फिरायला जात नाही, पाहणीला जातो. विमानतळावरून घरी येताना आम्ही तळं दाखवत होतो, डोंगर दाखवत होतो, चर्चचे मनोरे दाखवत होतो. आप्पा खिडकीतून रस्त्याकडेची गटारं बघत होते. "झाकणं जागेवर आहेत," हा त्यांचा स्वित्झर्लंडबद्दलचा, लेखी नोंद करण्याच्या योग्यतेचा पहिला अभिप्राय.

त्यानंतर घरात पहाटे पाचला दिवस सुरू व्हायला लागला. आमच्या इमारतीत रात्री दहा ते सकाळी सहा भांड्याचाही आवाज करायचा नाही असा दंडक आहे. आप्पांनी तो पाळला. पाचला उठून ते चहाचं पातेलं इतक्या जपून उचलायचे की त्या शांततेनेच आम्हाला जाग यायची. आता पडेल, मग पडेल, म्हणून नवरा छताकडे बघत पडून राहायचा. सासऱ्यांना बोलायची सोय नाही. कारण सासरेही त्याला "अहो जावईबापू, तुम्ही झोपा" असंच आदराने म्हणणार. दोघे एकमेकांना इतकं अहो-जाहो करतात की आमच्या घरात मीठ मागायलासुद्धा अर्जाचा नमुना लागतो.

कचऱ्याचं काम आप्पांनी आपणहून अंगावर घेतलं. इथे कचऱ्याची पिशवी म्हणजे करच असतो. सरकारमान्य पिशवी विकत घ्यायची, तिच्यातच कचरा टाकायचा. एका पिशवीची किंमत कळल्यावर आप्पांनी बाल्कनीत नेऊन तिची दबाई सुरू केली. थर टाकायचा, पायाने दाबायचा, पुन्हा थर. "हवा राहता कामा नये, मातीच्या धरणाला हेच करतात." आठवड्याची पिशवी दोन आठवडे पुरू लागली. फक्त ती उचलायला मग दोन माणसं लागत.

एवढं चाललं असतंही. पण जुलैत दादा, वहिनी आणि त्यांची दोन मुलं न्यू जर्सीहून आली. "आप्पा तिथे आहेतच तर सगळे मिळून हिंडू," असं त्यानेच ठरवलं होतं. दादाने एक्सेल शीट केलं होतं. कुठली गाडी, कुठला फलाट, कुठे किती मिनिटं, कुणी काय खायचं, सगळं रंगीत. आप्पांनी ते मोबाईलवर मोठं करकरून पाहिलं आणि विचारलं, "यात धरण कुठेय?"

धरण नव्हतं. दादा म्हणाला, "आप्पा, युंगफ्राउ आहे, इंटरलाकन आहे, लाउटरब्रुनेनचे धबधबे आहेत." आप्पा म्हणाले, "बरं." आमच्या घरात या 'बरं'ला सगळे घाबरतात.

झुरिक स्टेशनवर शीटला पहिला तडा गेला. इथल्या रेल्वेच्या घड्याळांचा लाल सेकंदकाटा बारावर आला की क्षणभर थांबतो, मिनिटकाटा टुणकन पुढे उडी घेतो आणि मग लाल काटा पुन्हा चालू लागतो. मध्यवर्ती घड्याळाकडून इशारा आल्याशिवाय नवीन मिनिट सुरू करायचं नाही, अशी ती योजना. आप्पांना ते माहीत नव्हतं; त्यांना एवढंच दिसलं की घड्याळ थांबतंय. हातातल्या एचएमटीशी ते ताडून बघत उभे राहिले. आम्ही सगळे डब्यात, मुलं "आजोबाऽऽ" करतायत, आणि आप्पा बोट वर करून, थांबा, अजून एक रीडिंग घेतो. गाडी अर्थातच वेळेवर गेली. दादाने शीटमधला एक रकाना लाल केला. मी योजना समजावून सांगितल्यावर आप्पा म्हणाले, "वरून आदेश आल्याशिवाय हलायचं नाही. म्हणजे खात्यातलंच घड्याळ आहे."

ब्रिएन्झच्या तळ्याकाठी इझेल्टवाल्ड नावाचं गाव आहे. तिथला एक लाकडी धक्का कुठल्याशा कोरियन मालिकेत दिसला, आणि जगभरातून माणसं तिथे फोटो काढायला येऊ लागली. शेवटी गावाने धक्क्यावर फिरतं फाटक बसवलं आणि माणशी पाच फ्रँक लावले. वहिनीने आनंदाने दिले. आप्पा मात्र फाटकाबाहेर वाकून धक्क्याचे खांब बघत होते. "खांबांचं काम बरंय. वर बघण्यासारखं काही नाही," म्हणाले. त्या दिवसाच्या वहिनीच्या प्रत्येक फोटोत कोपऱ्यात आप्पांची पाठ आहे.

युंगफ्राउयोखचं तिकीट बघून कुणाच्याही पोटात गोळा येतो. फ्रँक शंभर रुपयांच्या वर गेलाय आणि आम्ही सात जणं. पण आप्पांनी रुपयांचा हिशेब केलाच नाही. त्यांनी बोगद्याची चौकशी केली. आयगर आणि म्योंख या डोंगरांच्या पोटातून जाणाऱ्या या रेल्वेमार्गाचं काम १८९६ मध्ये सुरू झालं आणि १९१२ मध्ये पुरं झालं, असं मी सांगितलं. मुळात सात वर्षांत व्हायचं होतं.

आप्पांचा चेहरा उजळला. "सोळा वर्षं लागली? मुदतवाढ किती वेळा घेतली? ठेकेदाराला दंड केला का?" स्वित्झर्लंडमध्ये उतरल्यापासून जे एक दडपण त्यांच्या मनावर होतं ते त्या क्षणी उतरलं. वर पोहोचेपर्यंत ते समोरच्या जपानी कुटुंबालाही, "सेव्हन इयर्स एस्टिमेट, सिक्स्टीन इयर्स अ‍ॅक्च्युअल," असं हसून सांगत होते.

वर, ३४५४ मीटरवर, थंडी हाडं फोडत होती. पोरं बर्फात लोळली, वहिनीचे ओठ निळे पडले. समोर अलेच हिमनदी कोसन् कोस पसरलेली. आप्पांनी माकडटोपी सारखी केली आणि विचारलं, "हे पाणी जातं कुठं?" दक्षिणेकडचं रोन नदीतून भूमध्य समुद्राला, उत्तरेकडचं आरे आणि ऱ्हाइनमधून पार उत्तर समुद्राला, असं मी सांगितलं. आप्पांनी दोन्हीकडे बघून घेतलं. "म्हणजे महाबळेश्वरच की. कृष्णा बंगालच्या उपसागराला, सावित्री अरबी समुद्राला. तिकडे एसटी जाते." आणि ते आत जाऊन बसले.

दादाने तिकिटांची पावती घडी करून खिशात ठेवली. तो काही बोलला नाही. रात्री मात्र त्याने शीट उघडलं आणि मुकाट्याने एक नवीन ओळ घातली: ग्राँद दिक्साँस, धरण.

हे धरण व्हॅले प्रांतात आहे. आधी रेल्वेने सिओनला जायचं (फलकावरची रोमन अक्षरं वाचून आप्पा म्हणाले, "सायन आलं, उतरा"), मग पोस्टाची पिवळी बस घाटातून वळणं घेत वर नेते. वहिनीला बस लागली. बस जिथे सोडते तिथे समोर फक्त भिंत. २८५ मीटर उंच, १९६१ मध्ये पूर्ण झालेलं काँक्रीट. आपलं कोयना १०३ मीटर. मान मागे टाकली तरी वरचा कठडा नीट दिसत नव्हता. आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी टोपी काढली आणि विचारलं, "साठा किती?"

पाटीवर लिहिलं होतं, चाळीस कोटी घनमीटर. आप्पांनी डोळे मिटले, ओठ हलले. "चौदा टीएमसी."

"फक्त?" दादा म्हणाला. न्यू जर्सीत इतकी वर्षं काढूनही कराडचा माणूस टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, विसरत नाही.

"फक्त चौदा! कोयनेत एकशे पाच." मला वाटतं, हे वाक्य बोलण्यासाठीच ते सातासमुद्रापलीकडे आले होते. पोरांना काहीच कळलं नाही, पण आजोबा जिंकलेत एवढं समजून त्यांनी टाळ्या वाजवल्या.

आतल्या बोगद्यांतून फिरवतात, त्या गटात आम्हीही शिरलो. माहिती फ्रेंचमध्ये. आप्पांना त्याने काही फरक पडला नाही. ते भिंतीला हात लावून गळती बघत, हात चोळून वास घेत चालले होते. गटात एक म्हातारे फ्रेंच गृहस्थ होते, तेही भिंतीलाच हात लावत होते. दोघांची नजरानजर झाली. आप्पांनी सरकारी इंग्रजीत विचारलं, "काइंडली स्टेट, आर यू अल्सो फ्रॉम द डिपार्टमेंट?" ते निघाले निवृत्त धरण इंजिनिअर. आप्पांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, "कोयना."

"कोयना? एकोणीसशे सदुसष्ट?"

त्या भूकंपाच्या वेळी आप्पा सात वर्षांचे होते, पाटणजवळच्या गावात. धरणाला भेगा पडल्या पण धरण उभं राहिलं, आणि म्हणूनच जगभरचे धरणवाले कोयनेचं उदाहरण अभ्यासतात. हे आप्पा आम्हाला लहानपणापासून सांगत आले होते. आम्ही ते 'गावाकडच्या गोष्टी' या सदरात टाकून दिलं होतं. दोघे तिथेच खडूने जमिनीवर छेद काढायला बसले. खडू आप्पांच्या खिशात कसा होता हे विचारू नका. मार्गदर्शक मुलगी दोनदा हाका मारून पुढे निघून गेली. शेवटची बसही निघून गेली. दादाने शीट बंदच केलं, आणि आम्ही एवढ्या मोठ्या टॅक्सीने परत आलो की तिच्या भाड्याबद्दल अजूनही वहिनी बोलत नाही.

त्या रात्री आप्पांनी रिटायर्ड मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भिंतीचा फोटो टाकला. खाली लिहिलं, 'उंची २८५ मी., साठा फक्त १४ टीएमसी.' भराभर अंगठे आले. सगळ्यात शेवटी त्यांच्या जुन्या कार्यकारी अभियंत्यांचा प्रश्न आला: 'गाळ किती?'

आप्पांना झोप लागली नाही. सकाळी मला धरणाच्या कार्यालयाला फ्रेंचमध्ये ईमेल लिहावा लागला. आप्पा परत कराडला गेले, त्याला आता महिना होत आला. आई म्हणते, तब्येत उत्तम आहे, दोन किलो वाढलेत. फोन मात्र रोज येतो, पहाटे पाचला.

"आलं का गं उत्तर? नाही? मग स्मरणपत्र पाठव. आणि जावक क्रमांक टाकत जा."