ग्रेड आली, आता पावतीपुस्तक काढा

प्राचार्य महोदय, महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅक या परिषदेची ग्रेड हाती आली की मूल्यांकन संपले असे समजा; आता तिच्या जोरावर देणग्या मागायच्या. सात निकष, एसएसआर म्हणजे आपणच आपल्याबद्दल लिहिलेला अहवाल, जागेच्या नोंदीसह जिओटॅग केलेले फोटो, डीव्हीव्ही म्हणजे माहितीच्या पडताळणीतल्या शंकांना रात्री जागून दिलेली उत्तरे, सगळे बंगळूरूला नॅकच्या कार्यालयात पोचले. ग्रेड पाच वर्षे चालते. फ्लेक्सचा रंग तेवढा टिकत नाही, म्हणून तो दरवर्षी नवा छापा.

सीजीपीए, म्हणजे ज्यावरून ग्रेड ठरते तो चारपैकी गुणांक, छापावा का? ३.५१ किंवा वर असेल तर ए प्लस प्लस, मग चारही कोपऱ्यांत छापा. २.६० म्हणजे बी प्लस. अशा वेळी आकडा गाळून नुसते ‘नॅक मानांकित’ लिहा आणि संस्थापकांचा फोटो मोठा करा. अध्यक्षांचा त्याहून मोठा. विद्यार्थ्यांचा घ्यायचाच तर पदवीदानाचा घ्या. वर्गातल्या फोटोत बाके मोजता येतात.

पीअर टीमचा, म्हणजे नॅकतर्फे पाहणीला आलेल्या बाहेरच्या प्राध्यापकांचा, अहवाल मात्र जपून हाताळा. त्यात बलस्थानांच्या खालीच उणिवा लिहिलेल्या असतात आणि शेवटी शिफारशी. नेमका हाच कागद देणगीदाराला दाखवण्याजोगा आहे: बाहेरच्या माणसांनी येऊन कुठे कमी पडते ते सांगितले आहे, तेवढे भरून काढायला मदत करा. पण असे मागणे आपल्या इभ्रतीला शोभत नाही. अहवाल वेबसाइटवर टाका, तोही आडवा स्कॅन करून.

नॅकच्या विद्यार्थी समाधान सर्वेक्षणाचा मेल आला की मुलांना कुठे टिचकी मारायची ते आधीच सांगून ठेवा. शिकवणे उत्तम, मार्गदर्शन उत्तम, सगळेच उत्तम. हीच मुले चार-पाच वर्षांनी माजी विद्यार्थी होतात. पाचव्या निकषात माजी विद्यार्थ्यांचे योगदान लाखांत विचारतात, तेव्हा आपल्याला त्यांची आठवण होते. मग ग्रुपवर क्यूआर कोड जातो. पोरे हात जोडलेली चित्रे पाठवतात, पैसे पाठवत नाहीत. त्यांचेही बरोबर आहे. सगळे उत्तम असल्याचे आपणच लिहून घेतले, मग पैसे हवेत कशाला? (काहींना दाखल्याच्या खिडकीवरचे ‘उद्या या’ही आठवत असणार, पण त्यासाठी सर्वेक्षणात रकाना नव्हता.)

देणगीची गंगा उलटी मात्र वाहू देऊ नका. फेब्रुवारी २०२५ मध्ये गुंटूरच्या एका अभिमत विद्यापीठाच्या प्रकरणात सीबीआयने नॅकच्या पाहणी समितीच्या अध्यक्षांसह सदस्यांना अटक केली. चांगल्या ग्रेडसाठी रोख, सोने, मोबाइल, लॅपटॉप दिल्याचा आरोप आहे. आपण शाल-श्रीफळावर थांबावे.

क्वचित एखादी माजी विद्यार्थिनी फोन करील: ‘सर, पीअर टीमने रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेबद्दल लिहिलंय, तेवढ्यासाठीच देते. झालेला खर्च कळवा.’ सावध व्हा, ती अहवाल मान वाकडी करून वाचून आली आहे. तिला प्रवेशद्वाराची कमान सुचवा, वडिलांचे नाव कोरून देऊ म्हणा. कमान फोटोत छान येते, धूर ओढणारा पंखा येत नाही. तरी ती हटली नाही, तर चेकच मागा, कारण २००० रुपयांच्या वर रोख घेतल्यास तिला देणगीवरची प्राप्तिकरातली सवलत मिळणार नाही. हिशेबाचे पुढच्या एसएसआरच्या वेळी बघू म्हणावे.