बायोस अपडेट आणि 746 जीबीचं कोडं

‘रेडमध्ये 3 टीबीची डिस्क 746 जीबीच दिसते? बायोस अपडेट करा, काम झालं’ हा सल्ला सध्या बराच फिरतोय. (रेड म्हणजे अनेक डिस्क जोडून एकत्र वापरायची पद्धत; बायोस म्हणजे संगणक सुरू होताना चालणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम.) तो अर्धाच खरा आहे.

जुना रेड रॉम (रेड सांभाळणारा, चिपमध्ये साठवलेला छोटा प्रोग्राम) डिस्कवरचे सेक्टर, म्हणजे छोटे कप्पे, मोजायला 32 बिटच वापरतो. 512 बाइटचा सेक्टर धरला तर मोजणी 2048 जीबीला संपते आणि पुन्हा शून्यापासून सुरू होते. 3 टीबीच्या डिस्कचे 1024च्या हिशेबाने खरे 2794 जीबी, त्यातून 2048 गेले की उरतात 746. म्हणजे डिस्क बिघडलेली नाही.

मदरबोर्डवरच्या रेडचा रॉम बायोसच्या फाइलमध्येच असतो. नव्या आवृत्तीत तोही नवा असेल तरच उपयोग. नुसता आवृत्तीचा आकडा वाढून काही होत नाही. स्वतंत्र रेड कार्डाचं फर्मवेअर (कार्डातलाच प्रोग्राम) तर वेगळंच, ते बायोसच्या फाइलमध्ये नसतं. शिवाय विंडोजमधला रेडचा ड्रायव्हर नवा हवा, पार्टिशन जीपीटी (डिस्कच्या विभागणीची नवी पद्धत) हवं, आणि विंडोज त्याच रेड व्हॉल्यूमवरून सुरू करायचं तर यूईएफआय (बायोसची नवी पिढी) लागतंच.

अपडेटनंतर बायोसमधला साटा मोड (डिस्क कशा जोडायच्या ते ठरवणारं सेटिंग) अनेकदा रेडवरून एएचसीआयवर, म्हणजे रेडविना साध्या मोडवर, जातो. घाबरून नवा अ‍ॅरे (डिस्कचा रेड-गट) बनवू नका, मोड परत रेड करा. बॅकअप मात्र आधीच घ्या.