घरासमोरच तर आहे!

परवा आमच्या मागच्या गल्लीतून एक मोटरसायकल चोरीला गेली. सकाळी सात वाजता ते काका नाइट पँटवरच दारोदार विचारत होते, "माझी गाडी कुणी नेली का हो?" त्यांचा चेहरा बघितला आणि मला 2023 च्या फेब्रुवारीतली आमची सकाळ आठवली. पोस्ट लांबलीय, चहा घेऊन बसा.

माझी स्प्लेंडर, 2019 ची. सांगलीत, आमच्या स्वतःच्या घराच्या पोर्चमधून गेली. फाटक होतं, फाटकाला कडी होती, कडीला कुलूप नव्हतं. शहाबादी फरशीवर ती रोज उभी राहायची तिथे ऑइलचा रुपयाएवढा काळा डाग आणि साइड स्टँडच्या टोकाने पाडलेली बारीकशी खळी, एवढंच मागे राहिलं. तरी पहिला अर्धा तास घरात कुणाच्याही तोंडून 'चोरी' हा शब्द निघाला नाही. आई म्हणाली, धाकट्याने नेली असेल. धाकटा तेव्हा पुण्यात हॉस्टेलवर होता. अण्णा म्हणाले, शेजारच्याने दुधाला नेली असेल. शेजारच्याकडे स्वतःची दोन वाहनं.

तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. मंडईत गाडी वीस मिनिटं लावायची असली तरी आपण हँडल लॉक करतो, दोन पावलं जाऊन परत येऊन बघतो. घरी तीच गाडी रोज रात्रीचे आठ-नऊ तास, रोज त्याच जागी उभी. आणि आपण काय म्हणतो? "घरासमोरच तर आहे!" आता चोराच्या बाजूने बघा. मंडईत मालक कुठल्या क्षणी उगवेल सांगता येत नाही. घरी मालक कधी झोपतो, कुठल्या खोलीत झोपतो, कुत्रं आहे की नाही, सगळं दोन चकरांत कळतं. आपण कुलूप नेमकं उलट्या ठिकाणी लावतो.

आणि हँडल लॉकवर किती भिस्त ठेवायची? आत बोटाच्या पेराएवढी लोखंडी जीभ असते, बस्स. हँडलला पायाने नीट जोर बसला की ती जाते. रात्री दोन वाजता 'कट' असा आवाज आला होता, असं अण्णा नंतर म्हणाले. त्यांना वाटलं मांजराने काहीतरी पाडलं.

माझे आजोबा मिरजेजवळच्या खेड्यात शेती करायचे. दोन बैल. गोठा घराला लागून, मधे फक्त भिंत, रात्री शिंगं घासल्याचा आवाज माजघरात यायचा. तरी दोन्ही बैल दाव्याला बांधलेत का हे कंदील घेऊन बघितल्याशिवाय आजोबा कधी आडवे झाले नाहीत. 'घरच्याच गोठ्यात आहेत' म्हणून बैल मोकळा सोडणारा माणूस मला त्या गावात आठवत नाही. आपण सत्तर-ऐंशी हजारांची गाडी मात्र नुसती टेकवून ठेवतो.

म्हणून नवी गाडी आल्यावर पहिलं काम केलं ते खुंट्याचं. त्याआधी एक फजिती सांगतो. हौसेने ऑनलाइन डिस्क लॉक मागवलं, पिवळंधमक, अलार्मवालं. पार्सल फोडलं आणि लक्षात आलं, आपल्या गाडीला पुढे-मागे दोन्हीकडे ड्रम ब्रेक. डिस्कच नाही, लॉक लावू कशाला! ते अजून शोकेसमध्ये आहे, हात लागला की ओरडतं.

मग फॅब्रिकेटरकडे गेलो. जाड सळईची कडी वाकवून घेतली, खाली पट्टी वेल्ड केली. पोर्चच्या कॉलमशेजारची अर्धी फरशी काढून काँक्रीटमध्ये ती गाडून घेतली, चांगली वीतभर खोल. फॅब्रिकेटरने विचारलं, "गाय की म्हैस?" मी म्हटलं, "स्प्लेंडर."

साखळीचं मात्र नीट ऐका, कारण मीही आधी हार्डवेअरच्या दुकानातून किलोवर मिळणारी साखळी आणली होती. ती साधी, मऊ लोखंडाची, मोठ्या कटरने फटक्यात तुटते. मोटरसायकलसाठी कठीण केलेल्या पोलादाची साखळी वेगळी मिळते, कडी निदान दहा मिलिमीटर जाडीची घ्या. महाग आहे, जडही आहे, पण घरीच ठेवायची असल्याने वजनाचं दुखणं नाही. ती मागच्या चाकातून आणि चाकाला धरणाऱ्या दांड्याच्या आतून ओवायची. नुसतं पुढचं चाक बांधलं तर तेवढं चाक तुमच्याकडे ठेवून बाकीची गाडी जाऊ शकते. आणि साखळी जमिनीवर लोळू द्यायची नाही. कटरचा एक दांडा जमिनीवर टेकवून अंगाचा भार टाकला की जोर कितीतरी वाढतो, कुलूप फरशीवर असलं तर हातोड्यालाही आयतं. ताणून, अधांतरी.

एवढं करून गाडी जाणारच नाही असं नाही. लोखंड कापायचा ग्राइंडर घेऊन आलेल्याला काय करणार? पण ग्राइंडरचा आवाज मांजराचा वाटत नाही.

वायरमनकडून सीटखाली एक चोर-बटण बसवून घेतलंय, ते बंद असलं की गाडी चालू होत नाही. अर्थात दोघं मिळून टेम्पोत उचलून टाकणार असतील तर बटणाचा उपयोग शून्य. जीपीएसचं म्हणाल तर चांगलंच आहे, पण ते गाडी गेल्यावर कामाला येतं, आणि गाडी आठ-दहा दिवस उभी राहिली तर आपल्या इवल्याशा बॅटरीचा जीव काढतं. कॅमेऱ्याचा मला फारसा भरवसा नाही. समोरच्या बंगल्याच्या कॅमेऱ्यात आमचा चोर दिसला. माकडटोपी, पाठमोरा, गाडी ढकलत नेताना. त्याचं रेकॉर्डिंग ठेवणाऱ्या डीव्हीआरचं घड्याळ चाळीस मिनिटं पुढे होतं, त्यामुळे पुढच्या चौकातलं फुटेज जुळवताना पोलिसांची आणि आमची सगळी सकाळ गेली.

आता कागदांचं. अण्णांचं म्हणणं होतं, "दोन दिवस वाट बघू, पेट्रोल संपलं की टाकून देतील कुठेतरी." मी ऐकलं नाही, त्याच दिवशी फिर्याद दिली. चोरीच्या गाडीवरून कुणी मंगळसूत्र ओढलं तर पोलिस आधी नंबरच्या मालकाच्या दारात येतात. शिवाय विमा. नुसता थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीपुरता असेल तर चोरीचा एक पैसा मिळत नाही, आणि जुन्या गाड्यांना बहुतेकांचा तेवढाच असतो, हेही अनेकांना माहीत नसतं. माझा सुदैवाने पूर्ण होता. कंपनीला कळवायला उशीर झाला म्हणून पूर्वी दावे फेटाळले जायचे. फिर्याद लगेच दिली असेल तर केवळ त्या उशिरावरून खरा दावा नाकारता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2020 मध्ये दिलाय. तरी फोन त्याच दिवशी करा, कशाला भांडत बसायचं.

खरी गंमत किल्लीची. विमावाले दोन्ही किल्ल्या मागतात. एक हरवली असेल तर गाडी किल्लीसकट ठेवली होती का, ही शंका आधी. घरभर शोध झाला, गोदरेजच्या कपाटाचे कप्पे उलटे केले. शेवटी ती धाकट्याच्या हॉस्टेलच्या बॅगेत निघाली. एसटीच्या पार्सलने आली. मग पोलिसांचा 'ए समरी' अहवाल, म्हणजे चोरी खरी पण तपास लागला नाही, तो कोर्टातून मंजूर होईपर्यंत पावसाळा संपला. पैसे आले ते गाडीच्या मूळ किमतीतून चाळीस टक्के घसारा वजा करून. बत्तीस हजार. त्यात नवी गाडी येत नाही, हप्ता येतो.

तर तुमची दुसरी किल्ली आत्ता कुठे आहे? आणि आरसीचं पुस्तक गाडीच्या साइड कव्हरमध्ये असेल तर आजच काढा, चोराला कागदासकट गाडी द्यायची काय गरज?

आमच्याकडे आता रात्री दहाला साखळी खळखळते. अण्णांनी ते काम स्वतःकडे घेतलंय, माझ्यावर सोडत नाहीत. आजोबांचा मुलगा आहे शेवटी.

काल संध्याकाळी मागच्या गल्लीतले ते काका आले होते. पोर्चमधली कडी बघितली, हलवून बघितली, टेपने माप घेतलं, फॅब्रिकेटरचा पत्ता लिहून घेतला. अर्धा तास बोलत होते. आणि जाताना आमचं फाटक सताड उघडं टाकून गेले.