गायतोंडे मनाला येईल तसं रंगवत नव्हते

अमूर्त चित्र म्हणजे मनात आलं आणि फराटा मारला, असं अजूनही सर्रास बोललं जातं. चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्या कॅनव्हाससमोरही कुणी तसंच म्हणतं तेव्हा मनापासून वाईट वाटतं. वर्षाला जेमतेम पाच-सहा चित्रं करणारा हा माणूस. बाकीचा वेळ बसून राहण्यात, वाट पाहण्यात जायचा, आणि माझ्या मते त्यांची खरी अंतःप्रेरणा त्या बसण्यात होती. हात चालायचा तो त्यानंतर.

आणि हात चालायचा म्हणजे काय, तेही बघा. साठच्या दशकात त्यांनी ब्रश बराचसा बाजूला ठेवून रोलर आणि पॅलेट नाइफ (रंग पसरायची, खरवडायची पातळ सुरी) हाती घेतले. पातळ रंग रोलरने पसरायचा, त्यावर आणखी थर चढवायचे, काही ठिकाणी खरवडून खालचा रंग उघडा करायचा. पुढे कागदाचे कापलेले तुकडे रंगासह कॅनव्हासवर दाबून उचलायचे. कागद उचलला की थोडा रंग त्याच्यासोबत जातो, थोडा मागे उरतो. चित्रातली ती न वाचता येणारी अक्षरांसारखी चिन्हं अशी उमटलेली आहेत.

तेलरंगात हे करून बघणाऱ्याला यातली जोखीम लगेच कळते. खालचा थर पुरता सुकलेला नसेल तर रोलर तोच उचलतो, दोन रंग एकमेकांत मळतात आणि चिखल होतो. खालच्या थरात तेल जास्त आणि वरच्यात रंग पातळ करणारं टर्पेंटाइन जास्त झालं, तर वरचा आधी सुकतो, खालचा नंतर हलत राहतो आणि भेगा पडतात. कागदावर रंग जाड राहिला तर दाबल्यावर कडेने बाहेर येतो, आकार फुटतो. म्हणजे प्रत्येक थरानंतर थांबणं आलंच. किती थांबायचं आणि कुठल्या थराला हात लावायचा नाही, हे ठरवताना कुठलंही सूत्र कामी येत नाही, तिथे नजरच लागते. 'सहज' हा शब्द मला फक्त तिथे मान्य आहे.

ही नजर आकाशातून पडली नाही. जन्म 1924, नागपूर; कुटुंब गोव्याचं. 1948 मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेची पदविका. सुरुवातीच्या कामात भारतीय लघुचित्रांचा आणि युरोपातला चित्रकार पॉल क्ले याचा अभ्यास स्पष्ट दिसतो. 1964 मध्ये रॉकफेलर फेलोशिपवर न्यूयॉर्क, 1971 मध्ये पद्मश्री, मग दिल्ली. स्वतःच्या कामाला ते 'अमूर्त' म्हणत नसत, 'नॉन-ऑब्जेक्टिव्ह' म्हणत. कारण कुठल्या वस्तूचं सार काढून ते चित्राकडे आलेच नव्हते. 1984 च्या अपघातानंतर मोठे कॅनव्हास काही वर्षं थांबले, तेव्हा त्यांनी कागदावर शाईची छोटी रेखाटनं केली. ती आवर्जून बघा. रंगाचा एकही थर नाही, तरी रेघांमधली मोकळी जागा तितकीच जपलेली आहे.

2013 मध्ये मुंबईतल्या लिलावात त्यांचं चित्र 23.7 कोटींना गेलं आणि सगळीकडे आकड्याचीच चर्चा झाली. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन भरलं, त्याची आपल्याकडे त्या मानाने किती कमी चर्चा झाली! मुंबईत त्यांचं चित्र पाहायला मिळालं तर आधी दुरून बघा, मग जवळ जा आणि एका बाजूने, तिरक्या उजेडात बघा. थरांच्या कडा तेव्हा दिसतात.